मर्त्य देव, अमर नायक

देव म्हटला की त्याला जरा नाही आणि मरण नाही, ही समजूत आपल्या अंगवळणी इतकी पडलेली आहे की, मरणाऱ्या देवाची कल्पना प्रथम ऐकताना मन क्षणभर बिचकते. समुद्रमंथनातून निघालेले अमृत देवांनी प्राशन केले, आणि तेव्हापासून मृत्यूचा अंमल मानवांपुरता उरला, असा आपल्या पुराणांचा एकंदर सूर आहे. उत्तर युरोपातील स्कॅन्डिनेव्हियन लोकांनी मात्र आपल्या देवांना असले अभयपत्र कधीच लिहून दिले नाही. त्यांचे देव इडुन नामक देवतेजवळची सफरचंदे खाऊन वार्धक्य लांबणीवर टाकतात खरे. परंतु या फळांनी मिळते ती केवळ मुदतवाढ असते, आणि एक दिवस राग्नारोक नावाचा प्रलय येऊन आपल्यापैकी बहुतेकांचा निकाल लागणार आहे, हे त्या देवांना आधीपासून ठाऊक असते.

असे हे मर्त्य देव 1962 साली अमेरिकेतील कॉमिक मासिकांत येऊन दाखल झाले. ज्या माध्यमात नायकाने मरणे हे धंद्याच्या दृष्टीने परवडतच नाही, त्या माध्यमात मरणाधीन देवांनी यावे, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. या विसंगतीचा खरा उपयोग करून घेण्यास पुढे वीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तो करून घेणारा लेखक-चित्रकार म्हणजे वॉल्टर सिमन्सन. त्याच्या कथेतील थोर या देवाने मृत्यूच्या राज्यावर केलेली स्वारी आणि त्या स्वारीपायी पुढे भोगलेली शिक्षा, हा या लेखाचा विषय. परंतु ती समजून घेण्यापूर्वी मूळ कथेतील देव मृत्यूपुढे कसे उभे राहिले, ते पाहणे प्राप्त आहे.

या पुराणकथांचे आपल्या हाती असलेले साहित्य मुख्यतः आइसलंड बेटावरचे आहे. त्या बेटाने सन 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोन शतके लोटल्यावर, जुन्या कवितेतील देवादिकांचे संदर्भ नव्या कवींना कळेनासे होतील या चिंतेने स्नोरी स्तुर्लुसन या विद्वान सरदाराने 1220 च्या आसपास ‘एडा’ नावाचा गद्यग्रंथ सिद्ध केला. हा गृहस्थ केवळ लेखक नव्हता. आइसलंडच्या लोकसभेत कायदा मुखोद्गत सांगण्याचा मानाचा हुद्दा त्याने दोनदा भूषविला होता, आणि 1241 साली नॉर्वेच्या राजाच्या रोषास पात्र होऊन रेकहोल्ट येथील स्वतःच्या घरातच तो मारला गेला. स्नोरीने ज्यांचा आधार घेतला त्या प्रकारच्या प्राचीन कवितांचे सर्वांत महत्त्वाचे हस्तलिखित तेराव्या शतकातील आहे. ते 1643 साली बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सन यांच्या हाती आले, 1662 मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे नजराणा म्हणून रवाना झाले, आणि तब्बल तीन शतके कोपनहेगनच्या दप्तरात राहून 1971 च्या एप्रिल महिन्यात आइसलंडला परत मिळाले.

स्नोरीने सांगितलेल्या कथांपैकी मृत्यूशी प्रत्यक्ष गाठ घालणारी कथा बाल्डरची. देवांचा राजा ओडिन आणि त्याची राणी फ्रिग यांचा हा देखणा, सर्वांचा लाडका पुत्र. त्याला आपल्या मरणाची दुःस्वप्ने पडू लागली, तेव्हा फ्रिगने अग्नी, पाणी, धातू, पाषाण, वृक्ष, व्याधी, पशू, पक्षी आणि सर्प या सर्वांकडून बाल्डरला इजा न करण्याची शपथ घेतली. एका मिसलटो नामक बांडगुळाला मात्र ते फार कोवळे आहे म्हणून तिने वगळले. देवांना मग एक नवाच खेळ सापडला : बाल्डरला मध्ये उभे करून त्याच्यावर शस्त्रे आणि दगड फेकावयाचे, आणि त्याला काही होत नाही हे पाहून आनंद मानावयाचा. देवांतच वावरणाऱ्या कपटी लोकीने स्त्रीवेषाने जाऊन फ्रिगकडून त्या बांडगुळाचे गुपित काढले, त्याची काडी आंधळ्या होड या देवाच्या हाती दिली, नेम दाखविला, आणि बाल्डर गतप्राण होऊन पडला. त्याचे प्रेत जहाजावर ठेवलेले पाहून त्याची पत्नी नान्ना हिचे हृदय दुःखाने विदीर्ण झाले, व तिलाही त्याच चितेवर ठेवावे लागले.

यानंतरचा भाग राजदरबारी शिष्टाईसारखा आहे. बाल्डरची सुटका मागण्यासाठी हेर्मोड हा देव ओडिनच्या आठ पायांच्या घोड्यावर स्वार होऊन नऊ रात्री काळोख्या दऱ्यांतून दौडत राहतो, आणि ग्योल नदीवरच्या सोन्याने मढविलेल्या पुलापाशी येतो. पुलाची राखणदारीण मोडगुड त्याला अडवून म्हणते की, कालच मृतांच्या पाच तुकड्या येथून गेल्या, परंतु तुझ्या एकट्याच्या पावलांनी हा पूल त्या सर्वांहून कमी दुमदुमत नाही. शिवाय तुझा वर्ण मेलेल्याचा नव्हे. हेर्मोड पुढे जातो, घोड्यासह फाटकावरून उडी घेतो, आणि मृतांची स्वामिनी हेल हिच्यापुढे आपली कैफियत मांडतो. ही हेल म्हणजे लोकीची मुलगी. तिचे अर्धे अंग सजीव कांतीचे व अर्धे काळेनिळे, तिच्या ताटाचे नाव भूक आणि सुरीचे नाव दुष्काळ. तरी ती क्रूर नाही. जगातील यच्चयावत् सजीव-निर्जीव वस्तूंनी बाल्डरसाठी अश्रू ढाळले तर त्याला सोडीन, अशी साफ शर्त ती घालते. सर्व जग रडते. गुहेत बसलेली थोक्क नावाची एक राक्षसी तेवढी रडण्यास नकार देते, आणि ती वेषांतर केलेला लोकीच होता, असे लोक मानतात, असे स्नोरी सांगतो. शर्त मोडली, अर्ज फेटाळला गेला. सावित्रीच्या आख्यानात यम आपल्याच वचनात सापडतो; येथे मृत्यूचा करार चोख आहे आणि त्यात सापडतात ते देव.

थोरसारख्या बलाढ्य देवाचीही हीच गत होते. उटगार्डच्या मायावी राजाच्या दरबारात त्याला एका म्हातारीशी कुस्ती खेळावयास लावतात; तो जितका जोर लावतो तितकी ती अधिक घट्ट उभी राहते, आणि अखेर त्याचा एक गुडघा जमिनीला टेकतो. दुसऱ्या दिवशी वेशीबाहेर आल्यावर राजा त्याला खुलासा करतो की, ती म्हातारी म्हणजे प्रत्यक्ष वार्धक्य होते. राग्नारोकच्या रणात हाच थोर पृथ्वीला वेढून बसलेल्या योर्मुनगांड या महासर्पाला ठार करतो, आणि त्याच्या विषाने माखलेला नऊ पावले चालून कोसळतो. ओडिनला फेन्रिर लांडगा गिळतो. प्रलयानंतर हिरवीगार पृथ्वी पुन्हा वर येते, बाल्डर मृतांच्या राज्यातून परततो, थोरचा हातोडा त्याच्या मुलांकडे वारशाने जातो. थोर स्वतः मात्र परत येत नाही. आपला पराभव निश्चित आहे हे जाणूनही शस्त्र खाली न ठेवणे, हे त्या समाजाच्या वीरधर्माचे सार या कथांतून दिसते, आणि मागे उरणारा लौकिक हीच काय ती माणसाची चिरंतन मिळकत, अशी त्यांची धारणा होती.

आता कॉमिककडे वळू. ‘जर्नी इन्टू मिस्टरी’ या मासिकाच्या 83 व्या अंकात, ऑगस्ट 1962 मध्ये, स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांनी थोर प्रथम अमेरिकन वाचकांपुढे आणला. पायाने अधू असा डॉक्टर डोनल्ड ब्लेक नॉर्वेतील एका गुहेत लपतो, तेथे सापडलेली काठी आपटतो, आणि काठीचा हातोडा व स्वतःचा थोर होतो, अशी ही सलामी होती. जुन्या कथांतील थोर तांबड्या दाढीचा. कर्बीने रंगविला तो सोनेरी केसांचा आणि गुळगुळीत चेहऱ्याचा. पुढे मार्च 1964 च्या 102 व्या अंकात मृत्युदेवता हेला आली, तिच्या मस्तकावर वृक्षाच्या फांद्यांसारखी पसरलेली काळी शिंगे आली, आणि लगेच पुढच्याच अंकात एक्झिक्यूशनर या बिरुदाचा, हाती परशू घेतलेला धिप्पाड खलनायक आला. या शेवटच्या पात्राचा एडांत मागमूसही नाही. तरी आपल्या विषयात तोच पुढे अग्रभागी येणार आहे.

दरमहा निघणाऱ्या मासिकाचा एक अलिखित शिरस्ता असतो. ज्याच्या नावावर अंक खपतो, त्याला जिवंत राहणे भाग असते. फार तर त्याला काही काळ मेल्याचे सोंग वठविण्याची मुभा मिळते. 1992 साली प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेने सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काढला तेव्हा वृत्तपत्रांनीही त्याची दखल घेतली. पुढच्या वर्षी सुपरमॅन हयात होता. थोरही या नियमाला अपवाद नव्हता. मूळ कथेत ज्याचे मरण हा त्याच्या थोरवीचा कळस आहे, तो नायक कॉमिकमध्ये महिन्यामागून महिने मृत्यूला हुलकावणी देत राहिला, आणि त्यामुळे हेलाच्या प्रत्येक धमकीतील वजन हळूहळू उतरत गेले. वाचकाला निकाल आधीच ठाऊक असेल तर न्यायासनावर कोणीही बसले तरी सारखेच.

सिमन्सनने नोव्हेंबर 1983 च्या 337 व्या अंकापासून या मासिकाची सूत्रे हाती घेतली. 1946 साली जन्मलेला हा कलावंत प्रथम भूगर्भशास्त्र शिकला व नंतर ऱ्होड आयलंडच्या चित्रकला विद्यालयात गेला. उत्तरेच्या पुराणकथांची गोडी त्याला लहानपणापासूनची, आणि अग्निदैत्य सुर्तुरच्या आक्रमणाची जी प्रदीर्घ कथा त्याने पुढे रंगविली, तिचा आराखडा त्याने विद्यार्थिदशेतच मनाशी रचला होता. त्या युद्धाच्या शेवटी ओडिन सुर्तुरसह नाहीसा होतो आणि देवांच्या असगार्ड नगरीचे सिंहासन रिकामे पडते. तथापि थोर गादीवर बसण्याऐवजी दुसरीच मोहीम उघडतो. मॅलेकिथ नामक काळ्या परीलोकीच्या सरदाराने भुलवून नेलेले मर्त्य मानवांचे आत्मे हेलाच्या कैदेत खितपत पडले आहेत. त्यांची मरणाची घटका आलेली नसल्याने त्यांच्यावर हेलाचा हक्क पोचत नाही, असे थोरचे म्हणणे. 360 ते 362 या अंकांत तो बाल्डर, वाल्हाल्ला या ओडिनच्या महालातील मृत वीरांची फौज आणि एक्झिक्यूशनर स्कर्ज यांना घेऊन मृत्यूच्या मुलखावर चालून जातो. हेर्मोड जेथे अर्ज घेऊन गेला, तेथे हा सैन्य घेऊन जातो, हा फरक सहज झालेला नाही. शिष्टाईचा अनुभव देवांच्या पदरी आहेच.

या स्वारीत थोर स्वतः हेलाशी झुंजतो, कैद्यांची सुटका होते, आणि परतीच्या वाटेवर हेलाचे अगणित प्रेतसैन्य पाठलागाला लागते. वाट आहे ती त्याच पुलावरून, जो हेर्मोडच्या पावलांनी दुमदुमला होता. इतरांना पार जाण्यास अवधी मिळावा म्हणून कोणी एकाने पुलाच्या तोंडाशी उभे राहिलेच पाहिजे, आणि असा प्रसंग आला की नायकाने पुढे व्हावे हा संकेतच असल्याने थोर पुढे होतो. तेव्हा स्कर्ज मागून प्रहार करून त्याला बेशुद्ध पाडतो. या स्कर्जचे आयुष्य अमोरा या मोहिनीच्या मागे फरफटत गेलेले. तिच्या हुकमावरून त्याने वाटेल ते केले आणि मोबदल्यात त्याला मिळाला तो उपहास. सगळे जग आपल्याला हसले याची जाणीव त्याला आहे, आणि ती तो बाल्डरपाशी बोलून दाखवितो. थोरला घेऊन पुढे जा एवढेच सांगून तो पृथ्वीवरून आणलेल्या स्वयंचलित बंदुका दोन्ही हातांत घेतो आणि पुलावर ठाण मांडतो.

डिसेंबर 1985 च्या या 362 व्या अंकातील ती पाने पाहण्यासारखी आहेत. सिमन्सनच्या कोनदार, जोरकस रेषेने काढलेला एक टक्कल पडलेला, रुंद खांद्यांचा माणूस; त्याच्यासमोर चौकटीच्या कडेपर्यंत दाटलेली प्रेतांची गर्दी; आणि जॉन वर्कमनने रेखाटलेली गोळ्यांच्या आवाजाची अक्षरे चित्राच्या अंगातच मुरलेली. पुलाचा नाद जिवंत माणसाची खूण पटवितो, हे मोडगुडचे निरीक्षण ज्याला माहीत आहे, त्याला या गोळीबाराच्या गडगडाटाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. शेवटच्या निवेदनाचा आशय इतकाच की, मृतांच्या त्या राज्यात वीरांचे गुणगान होत नसले तरी पूल अडवून एकटा उभा राहिलेल्या या माणसाला तेथेही ओळख लागत नाही. स्कर्जचा अंत प्रत्यक्ष चित्रित केलेला नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

इतिहासातही या प्रसंगाला जवळचा आधार आहे. 1066 साली इंग्लंडातील स्टॅम्फर्ड ब्रिजच्या लढाईत एका नॉर्वेजियन वीराने एकट्याने पूल अडवून धरला व अखेर खालून भोसकून त्याला मारावे लागले, अशी हकीकत अँग्लो-सॅक्सन बखरीच्या एका प्रतीत मागाहून घातलेली आढळते. त्या वीराचे नाव कोणी नोंदले नाही. सिमन्सनने नाव असलेल्या परंतु लौकिक नसलेल्या एका दुय्यम पात्राला तो मान दिला, आणि यातच त्याची चतुराई आहे. थोर मरू शकत नाही हे वाचकाला पक्के ठाऊक होते. स्कर्ज मरू शकतो हेही ठाऊक होते, पण तो असा मरेल ही अपेक्षा कोणाचीच नव्हती. मासिकाचा शिरस्ता न मोडता मृत्यूला खरे वजन देण्याचा हा पहिला उपाय.

दुसरा उपाय त्याहून धाडसी आहे. हेल या मृतांच्या राज्यातील झुंजीत हेलाच्या हाताने थोरचा चेहरा विद्रूप होतो व ते व्रण झाकण्यासाठी तो दाढी वाढवितो. मृत्यूच्या स्पर्शाने कॉमिकमधील गुळगुळीत थोर जुन्या कथेतील दाढीवाल्या थोरच्या जवळ सरकतो. परंतु हेलाचा सूड एवढ्याने शमत नाही. ती त्याला शाप देते : तुझी हाडे ठिसूळ होतील, मोडलेले हाड सांधणार नाही, जखम भरणार नाही, आणि तुला मरणही येणार नाही. भाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याची कथा ज्याने आजीच्या तोंडून ऐकली आहे, त्या मराठी वाचकाला चिरंजीवपण हे वरदानाइतकेच शासनही असू शकते, हे नव्याने शिकावयाचे नाही. सिमन्सनच्या शापात मात्र आणखी एक टोचणी आहे. नायकाने मरावयाचे नाही, हा प्रकाशकाचा हुकूम त्याने मृत्युदेवतेच्या तोंडी घातला, आणि जी सवलत होती तिची शिक्षा करून दाखविली.

पुढील अंकांत थोर हाडामागून हाड गमावीत जातो, मोडके शरीर उभे ठेवण्यासाठी चिलखत चढवितो, आणि अशा अवस्थेत जून 1987 च्या 380 व्या अंकात महासर्प योर्मुनगांड त्याच्यासमोर उभा ठाकतो. कॉमिकच्या पानावर साधारणतः पाच-सहा चौकटी असतात. या अंकात प्रत्येक पान हे एकच चित्र आहे. आराखडा सिमन्सनचा व रेखाटन साल ब्यूसेमाचे, आणि निवेदनाची धाटणी जुन्या वीरगाथेची. राग्नारोकच्या भविष्यकथनाप्रमाणे सर्प मरतो. परंतु थोरला ती नऊ पावले चालून पडण्याची मोकळीक नाही. विजयी नायकाचे शरीर चिलखताच्या आत अक्षरशः लगदा होऊन पडते, आणि तरी प्राण जात नाही. एडातील थोरच्या वाट्याला आलेले मरण हे किती मोठे भाग्य होते, हे या पानांवर पोचल्यावर प्रथम उमगते.

यातून सुटका होते ती हिशेबी मार्गाने. ओडिनने घडविलेले आणि ज्याचा आत्मा आत शिरेल त्याच्या इच्छेने चालणारे डिस्ट्रॉयर नामक अभेद्य चिलखत लोकीच्या कारस्थानामुळे थोरपर्यंत पोचते. थोर त्याचा ताबा घेतो, पुन्हा हेलमध्ये शिरतो, आणि हेलाला शाप मागे घेण्यास भाग पाडतो. ऑगस्ट 1987 चा 382 वा अंक हा थोरच्या आगमनापासूनचा तीनशेवा. तेथे सिमन्सनने लेखणी खाली ठेवली. नायक अर्थातच पूर्ववत् धडधाकट झाला, कारण पुढच्या महिन्याचा अंक दुसऱ्या लेखकाला लिहावयाचा होता. पुढे 2017 साली तायका वैतिती यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘थोर : राग्नारोक’ या चित्रपटात केट ब्लँचेटची हेला आली आणि कार्ल अर्बनच्या स्कर्जने शेवटी दोन बंदुका घेऊन आपल्या लोकांना निसटण्यास वेळ मिळवून दिला. तीस वर्षांपूर्वीच्या त्या पुलाची ही उघड आठवण होती, जरी चित्रपटात तिची मांडणी बरीच विनोदाच्या अंगाने झालेली आहे.

पुराणकथेचे आधुनिक रूपांतर पाहताना ‘मुळाशी ते कितपत इमानी आहे’ एवढाच प्रश्न विचारण्याची आपल्याला सवय असते. त्या कसोटीवर सिमन्सनच्या कथेत दोष काढणे सोपे आहे : एडात स्कर्ज नाही, बंदुका नाहीत, हेलावर कोणी फौज घेऊन गेले नाही. परंतु स्नोरीनेही श्रद्धा सरून गेल्यावर, परधर्मात वावरत, नव्या वाचकांच्या गरजेसाठीच या कथा लिहिल्या होत्या. त्याने सांभाळून ठेवलेली मुख्य गोष्ट ही की, या देवांची प्रतिष्ठा त्यांच्या सामर्थ्यातून येत नाही, ते मरणाला कसे सामोरे जातात यातून येते. ज्या धंद्यात ही गोष्ट सांगण्याची सोयच नव्हती, तेथे सिमन्सनने ती एका उपहासित नोकराला वीरमरण देऊन आणि वीराला ते नाकारून सांगितली. आणि या दोहोंत ज्याला मरता आले तोच अधिक भाग्यवान ठरला, हा निष्कर्ष स्नोरीच्या देवांनी बिनतक्रार मान्य केला असता.